डावीकडचा आवाज

“आज दही नाही?” अण्णांनी विचारलं.

दह्याची वाटी ताटाच्या डाव्या कडेला, चटणीशेजारी होती. उजवीकडची भाजी त्यांनी संपवली होती, आमटी संपवली होती. भाकरीचा उजवा अर्धा खाऊन झाला होता आणि डावा तसाच होता, सुरीनं कापल्यासारखा सरळ. मी ताट धरून अर्धं फिरवलं.

“आता वाढलंस होय,” असं म्हणून त्यांनी वाटी पुढं ओढली.

पहिले काही दिवस मी वाद घालायचे, वाटी मघापासून तिथंच आहे म्हणून सांगायचे. मग ते माझ्याकडे असे बघायचे, जणू आपली मुलगी आपल्याशी खोटं का बोलते हे त्यांना कळत नाहीये. तेव्हापासून मी नुसतं ताट फिरवत होते. सहा वाजत आले होते. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत होती आणि आजारपणातही अण्णांनी ती मोडली नव्हती.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझे वडील शांतिनाथ मगदूम तेव्हा सत्तर वर्षांचे होते. सांगलीच्या आकाशवाणी केंद्रात तेवीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करून ते निवृत्त झाले होते आणि विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवत होते. धाकटा भाऊ धनपाल पुण्याला, बायकामुलांचा. त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती. मी एकटी होते, त्यामुळं यायचं कुणी हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मलाही नाही.

डाव्या हातापायात थोडी ताकद परत आली होती. काठी धरून ते दारापर्यंत जायचे. पण खरं दुखणं वेगळंच होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, दोन्ही कान चांगले आहेत. फक्त डावीकडे काही असतं, हेच मेंदू विसरलाय. डावीकडचं जग त्यांच्यापुरतं राहिलेलंच नाही. आणि आपण काही विसरलोय हेही त्यांना कळत नाही, त्यामुळं तुम्ही कितीही सांगितलंत तरी पटणार नाही.

ते मी रोज बघत होते. दाढी करताना ते उजवा गाल घोटून गुळगुळीत करायचे आणि ब्रश धुऊन ठेवायचे. पेपरातली ओळ मधूनच वाचायला सुरुवात करायचे आणि हल्ली बातम्या धड लिहीत नाहीत म्हणून चिडायचे. एका दुपारी त्यांनी उजव्या हातानं स्वतःचाच डावा हात मांडीवरून उचलला आणि मला विचारलं, “हा कुणाचा?” मी म्हटलं, तुमचाच. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खुर्चीच्या कडेला ठेवून दिला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

व्यायाम शिकवायला कल्याणी आवटी नावाची एक तरुण मुलगी यायची. तिचं म्हणणं, यांच्याशी डावीकडून बोला, पाणी डावीकडे ठेवा, त्यांना मान वळवायला लावा. पहिले तीन महिने महत्त्वाचे. चौथ्या दिवशी अण्णांनी तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं. तिच्या तोंडावर नाही, मला सांगितलं. “ती मुलगी मला खोटं पाडते. मला काही झालेलं नाही. हात जरा जड आहे, तो होईल बरा.”

धनपालचा एक दिवसाआड फोन यायचा. पुण्याजवळ म्हाताऱ्या माणसांची चांगली सोय असलेली एक जागा त्यानं बघून ठेवली होती. स्वच्छता आहे, नर्स आहेत, जेवण आपल्या पद्धतीचं देतात. जानेवारीत तुझी रजा संपली की अण्णांना तिथं न्यायचं आणि सांगलीचं घर बंद करायचं, असं त्याच्या मनात पक्कं झालं होतं. मी विरोध केला नाही. विरोध करून मी काय सुचवणार होते?

अण्णांना सगळ्यात खुपत होतं ते वेगळंच. घरात आवाज नव्हता. त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या झटक्याआधीच बसला होता. कॅसेटचा डेक चांगला होता, पण त्यातलं गाणं बाहेर यायला वाट नव्हती.

“मिरजेला जाऊन दस्तगीरला सांग,” एके दिवशी ते म्हणाले. “एक अ‍ॅम्प्लिफायर बनवून दे म्हणावं. मोनो. एकच स्पीकर. त्याला माहीत आहे मला काय लागतं.”

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं, एकाच खोक्यातून. स्टिरिओ म्हणजे दोन वाटा, डावी आणि उजवी वेगळी. अण्णा आयुष्यभर मोनोवाले. त्यांच्या रेडिओचा आवाज गावोगाव एकाच स्पीकरातून जायचा आणि त्यांना ते पुरेसं वाटायचं. स्टिरिओचं नाव काढलं की म्हणायचे, “बातमी ऐकणाऱ्याला बातमी कळली पाहिजे. देणारा खोलीत कुठं बसलाय याच्याशी त्याला काय करायचंय?” निवृत्तीनंतर शेजारपाजारच्यांनी दोन दोन स्पीकरांचे सेट घेतले, पण अण्णांनी आपला एक डबा सोडला नाही. मला ते त्यांच्या हट्टीपणातलंच एक वाटायचं.

दस्तगीर मुजावर मिरजेत किल्ल्याजवळ एका लहानशा दुकानात अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. पूर्वी ते केंद्रातली यंत्रं दुरुस्त करायला यायचे, तिथं अण्णांशी त्यांची ओळख झाली. अण्णांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मी लहान असल्यापासून त्यांना घरी येताना बघत होते.

मी निरोप सांगितल्यावर ते म्हणाले, “तयारच आहे की. एक मोनो पडून आहे, साहेबांच्या कानाचा. दोन-चार दिवसांत आणून लावतो.”

मग मी त्यांना अण्णांच्या डाव्या बाजूबद्दल सांगितलं. त्यांना झटक्याचं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. ते हातातलं काम खाली ठेवून ऐकत राहिले.

“म्हणजे डावा कान गेला?”

“कान दोन्ही चांगले आहेत. डावीकडून हाक मारली तर ऐकू येते त्यांना. पण ते उजवीकडे वळून बघतात. उजवीकडे कुणी नसतं. मग म्हणतात, भास झाला.”

दस्तगीरभाईंनी थोडा विचार केला. “मग मोनोच बरा, ताई. डबा उजवीकडे ठेवायचा, सगळं त्यातनंच ऐकायचं. त्यांचं काहीच जाणार नाही. स्टिरिओ लावला तर काहीतरी गडबड आहे एवढं त्यांना नक्की कळेल. साहेबांचे कान आहेत ते. आणि गडबड कुठं आहे ते मात्र कळणार नाही. उगाच जीव घाबरा होईल.”

त्यांचं खरं होतं. मी निघाले. पायरी उतरत होते तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, “स्टिरिओ त्यांनी एकदाच केला. वहिनींचा. ती टेप आहे का घरात अजून?”

मला त्या टेपची आठवण होती, पण ती त्यांनी दोन चॅनलवर केली होती हे मला ठाऊक नव्हतं. त्र्याहत्तर सालातली गोष्ट. मी सोळा वर्षांची होते. मिरजेचे एक डॉक्टर परदेशातून टेप करायचं स्पूलचं मशीन घेऊन आले होते, ते अण्णांनी दोन दिवसांसाठी मागून आणलं. बाहेरच्या खोलीत आई पार्श्वनाथाचं स्तवन म्हणायला बसली आणि पेटी वाजवायला मी. आईचा आवाज फार मोठा नव्हता, पण सुरेल होता. केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात ती दोनतीनदा गायली होती. दस्तगीरभाई तेव्हा वायरी जोडायला आले होते. त्यांनी सांगितलं, साहेबांनी सकाळभर जागा ठरवण्यात घालवली. वहिनींना डावीकडे, खिडकीपाशी बसवलं. मला उजवीकडे, कपाटाजवळ. दोघींना वेगवेगळा माइक.

दोन वर्षांनी आई गेली. धनपाल बारा वर्षांचा होता. अण्णांनी मला कॉलेज बाहेरून करायला सांगितलं आणि घर माझ्याकडे दिलं. धनपाल इंजिनिअर होईपर्यंत मी ते चालवलं. पेटी केव्हा विकली गेली ते मला आठवत नाही. तिशीला आल्यावर मी नाशिकच्या शाळेची जाहिरात बघून अर्ज केला आणि नेमणूक झाल्यावर अण्णांना सांगितलं. ते फक्त “बरं” म्हणाले.

घरी येऊन मी अण्णांच्या पलंगाखालची ट्रंक उघडली. टेप तळाशी होती, आईच्या एका पातळात गुंडाळलेली.

संध्याकाळी धनपालचा फोन आला. मी त्याला म्हटलं, मी स्टिरिओ लावायचा विचार करतेय. कल्याणी म्हणते तसा डावीकडून आवाज आला, आणि तोही आईचा, तर कदाचित मान वळवतील.

“त्यांनी मोनो मागितलाय ना?” धनपाल म्हणाला. “मग मोनो दे, पद्माक्का. सत्तर वर्षांच्या माणसाला काय शिकवायचं आता? आईचा आवाज ऐकवून त्यांना त्रास झाला तर? उरलेले दिवस सुखानं जाऊ देत.”

तो दुष्टपणानं बोलत नव्हता. मी दोन दिवस त्याच विचारात होते. मला वाटणारी गोष्ट अण्णांच्या भल्याची आहे, की इतकी वर्षं मनात राहिलेल्या कशाचा मी सूड घेतेय, हे मला नीट सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन मिरजेला गेले आणि दस्तगीरभाईंना म्हटलं, स्टिरिओ करा. त्यांनी दुकानातल्या जुन्या मशीनवर टेप चढवली आणि कॅसेटवर उतरवून घेतली. आईनं सूर लावल्याबरोबर मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी ते सगळं सामान घेऊन आले. उजवा स्पीकर अण्णांच्या खुर्चीजवळ कपाटाला लागून ठेवला. डावा खिडकीखाली. अण्णांच्या समोरच त्यांनी तो उचलून नेला, स्टुलावर ठेवला, वायर ओढली. अण्णांनी तिकडे एकदाही बघितलं नाही.

“मोनोच आहे ना?” त्यांनी विचारलं.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. “मोनोच आहे,” मी म्हणाले.

मी खिडकीजवळ, डाव्या स्पीकरच्या शेजारी पाटावर बसले. दस्तगीरभाईंनी डेक सुरू केला.

आधी पेटी आली. उजवीकडून, कच्च्या हाताची, मध्येच भाता कमी पडणारी. ती मी होते. मग आई गायला लागली. अगदी माझ्या कानाशी.

अण्णांचं अंग ताठ झालं. “हे कुठून आणलंस?” असं ते म्हणाले, पण दस्तगीरभाईंना उद्देशून, कारण त्यांना समोर तेच दिसत होते. उत्तराची वाट न बघता ते ऐकायला लागले. मी त्यांचा चेहरा बघत होते. पहिलं कडवं होईपर्यंत तो शांत होता. मग कपाळावर आठी पडली. केंद्रात एखादी वायर सैल असली की पडायची, तशीच.

“थांबव.”

दस्तगीरभाईंनी डेक थांबवला.

“दोघी एका जागी बसल्यात,” अण्णा म्हणाले. “पेटी पण कपाटाकडे आणि ही पण कपाटाकडे. मी हिला डावीकडे बसवलं होतं. तू मोनो लावलास म्हणून दोघी एकत्र झाल्या. ही टेप मोनोवर ऐकायची नाही.”

त्यांनीच मोनो मागितला होता. आता मोनो लावला म्हणून तेच रागावले होते, आणि लावलेला होता स्टिरिओ.

“साहेब,” दस्तगीरभाई हळूच म्हणाले, “स्टिरिओच आहे हा.”

“मला शिकवू नकोस, दस्तगीर.”

“दोन स्पीकर लावलेत, साहेब. तुमची शपथ.”

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. म्हणजे आपल्या उजव्या अर्ध्या खोलीभर. कपाट, दार, भिंतीवरचं कॅलेंडर, उजवा स्पीकर. “एकच आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं इथंच सोडून द्यावं. धनपालचं बरोबर होतं. मी उठणारच होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “हा उजवा असेल तर याची वायर काढ. आणि परत लाव बघू.”

दस्तगीरभाईंनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागून उजव्या स्पीकरची वायर काढली. डेक सुरू केला. आता आवाज फक्त खिडकीकडून येत होता. आई गात होती आणि पेटी कुठंतरी लांब, पुसट, तिच्या माइकमध्ये शिरली असेल तेवढीच.

“येतोय की इथनंच,” अण्णा उजव्या स्पीकरकडे बोट करून म्हणाले.

दस्तगीरभाई गुडघ्यांवर बसले. त्यांनी स्पीकरची पुढची जाळी काढली, अण्णांचा उजवा हात धरला आणि बोटं आतल्या कागदी पडद्यावर टेकवली. आवाज येत असला की तो पडदा थरथरतो, हे अण्णांनी पन्नास वर्षांत हजार वेळा तपासलं असेल.

पडदा स्थिर होता.

आई गात होती. अण्णांनी बोटं जरा दाबली. मग उचलली. मग पुन्हा टेकवली, अगदी अलगद, ताप बघावा तशी. त्यांचा चेहरा पांढरा पडत चाललेला मला दिसत होता. डॉक्टरांनी सांगून, कल्याणीनं सांगून, मी सांगून जे त्यांना पटलं नव्हतं, ते त्यांच्या बोटांना कळत होतं. या डब्यातून आवाज येत नाहीये. आवाज तर येतोय.

“दस्तगीर,” ते म्हणाले, “ती कुठं आहे?”

“तुम्ही बसवलंत तिथंच आहेत, साहेब.”

“डावीकडे?”

“खिडकीपाशी.”

अण्णांनी मान वळवायला सुरुवात केली. ती सरळ समोर येऊन थांबली. तिथं त्यांचं जग संपत होतं. तिथून पुढं जायला त्यांना किती कष्ट पडत होते, ते मी तीन हातांवरून बघत होते. मानेच्या शिरा ताठरल्या होत्या. उजव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मान थोडी सरकली, परत उजवीकडे गेली. पुन्हा समोर आली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण दस्तगीरभाईंनी हातानं नको म्हणून खुणावलं. स्तवनाचं तिसरं कडवं सुरू झालं होतं.

त्यात ते सगळं कडवं गेलं. मग त्यांच्या नजरेत आधी खिडकीचे गज आले, मग स्पीकर, आणि मग मी. त्यांची नजर माझ्यावर थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला या बाजूला बघितलं होतं.

“तू केव्हा आलीस?”

“पहिल्यापासून इथंच बसलेय, अण्णा.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. गाणं संपलं, टेपची खरखर राहिली, तीही संपली. तरी ते त्या बाजूला मान धरून बसून राहिले, जणू परत वळलं तर हे सगळं पुन्हा जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, “तू मला खोटं सांगितलंस. मोनो आहे म्हणून.”

“हो,” मी म्हटलं.

चहा अर्धा झाल्यावर ते बोलले.

“ती गेल्यावर मी ही टेप एकदाच लावली. केंद्रात, सुट्टीच्या दिवशी, दोन स्पीकर जोडून. डोळे मिटले होते. मोनोत माणूस नुसता गातो, पद्मा. यात ती बसलेली होती. कुठं बसलीय ते बोट दाखवून सांगता येत होतं. डोळे उघडले तर तिथं खुर्ची रिकामी.” त्यांनी कप खाली ठेवला. “तेव्हापासून मला तो प्रकार नको झाला.”

मी इतकी वर्षं ज्याला हट्ट म्हणत होते, ते हे होतं.

“त्या आवटींच्या मुलीला बोलाव,” ते म्हणाले.

कल्याणी परत आली. अण्णा आता तिचं ऐकत होते, म्हणजे रागावत होते, थकत होते, पण करत होते. सगळं नीट झालं असं नाही. नंतरही ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकायचे, सदऱ्याची डावी बाही राहून जायची. फरक एवढाच, की कुणी सांगितलं की ते थांबायचे आणि म्हणायचे, “असेल. बघतो.” आपल्याला जे दिसत नाही तेही असू शकतं, हे त्यांनी मान्य केलं होतं. पुढं ते सहा वर्षं जगले, आणि सांगलीच्याच घरी गेले. मी नाशिक सोडलं, इथल्या एका शाळेत लागले आणि अखेरपर्यंत त्यांच्याजवळ होते. लोक म्हणतात, मुलीनं बापासाठी दुसऱ्यांदा आयुष्य दिलं. ते तसं नव्हतं. पहिल्यांदा दिलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. दुसरी वेळ वेगळी होती, आणि ती जानेवारीतल्या एका दुपारी आली.

धनपाल गाडी घेऊन आला होता. पुण्याच्या त्या जागेचे कागद त्याच्या पिशवीत होते. तो अण्णांच्या उजव्या हाताला बसला, येणारा प्रत्येकजण बसायचा तिथंच. मी आतल्या खोलीतून पाण्याचे पेले घेऊन आले आणि अण्णांच्या डावीकडच्या दारात थांबले.

अण्णांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी येत नाही, मला इथं राहून डावीकडे बघायला शिकायचं आहे.

“पण इथं तुमचं बघणार कोण?” धनपालनं विचारलं. “अक्काची रजा संपतेय. मी काय, तिला राहा म्हणून सांगू?”

“नको,” अण्णा म्हणाले. “तू सांगू नकोस. मीही सांगणार नाही. पंचाहत्तर साली सांगितलं तेवढं पुरे.”

आणि त्यांनी मान वळवायला घेतली. समोरपर्यंत सहज, मग पुढं कष्टानं. धनपालला काय चाललंय ते कळेना, तो काही बोलायला गेला, पण मी हात वर करून त्याला थांबवलं. मी हाक मारली नाही, जागा सोडून पुढंही गेले नाही. वेळ लागला. पण त्यांनी मला दारात शोधून काढलं.

“पद्मा,” ते म्हणाले, “तुला काय करायचंय?”

एक्केचाळीस वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी हातातले पेले खाली ठेवले. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, तरी मी लगेच दिलं नाही. ते वाट बघत होते.